द्वेष नंतर आला

प्रिय सई,

तुझा तो लांबलचक मेसेज मिळाला. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या स्टेडियममध्ये कृष्णवर्णीय फुटबॉलपटू व्हिनिसियस ज्युनियरला माकड म्हणून हिणवणाऱ्या प्रेक्षकांची क्लिप पाहून तू लिहिलंस, "आई, माणसं मुळातच अशी असतात का? तसं असेल तर कुणी काही करून काय उपयोग?" पहिला प्रश्न ठीक आहे, तो सगळ्यांनाच पडतो. दुसरा मात्र मला झोंबला. तुझ्या वयाच्या मुलीने असं हात टेकलेले मला आवडले नाहीत, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

तुझ्या शंकेत जेवढं तथ्य आहे तेवढं आधीच मान्य करते. आपले आणि परके अशी वाटणी करायची खोड माणसाला आहेच. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, कुठली आवडली ते विचारलं आणि सांगितलं की त्यावरून तुमचे दोन गट केले आहेत. प्रत्यक्षात गट कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आणि समोरच्या गटात कोण, हे एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. मग एकेकाला वेगळं बसवून दुसऱ्या दोन मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितले. वाटणाऱ्याला स्वतःला त्यातून काहीच मिळणार नव्हतं. तरीही मुलांनी आपल्या गटातल्याला झुकतं माप दिलं. मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग पुढे आहे. दोघांनाही भरपूर मिळतील असा पर्याय समोर असताना पुष्कळ मुलांनी दुसराच उचलला: आपल्या गटातल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत. ताजफेल स्वतः पोलंडमधले ज्यू होते. महायुद्धात जर्मनांच्या कैदेत आपली ओळख लपवल्यामुळे ते वाचले आणि परत आले तेव्हा घरातलं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. त्यांनी हा प्रश्न आयुष्यभर का लावून धरला, ते तुला वेगळं सांगायला नको.

पण या प्रयोगातून काय निघतं ते नीट बघ. त्या मुलांच्या मनात एकमेकांबद्दल काडीचंही वैर नव्हतं. गट कुणीतरी बाहेरून पाडून दिले आणि अर्ध्या तासात पक्षपात सुरू झाला. म्हणजे वाटणी करायची खोड आपली, पण रेघ कुठे ओढायची ते दुसरं कुणीतरी ठरवतं. तान्ह्या बाळांवरच्या अभ्यासांतही हेच दिसतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला कुठल्याच वर्णाच्या चेहऱ्याची ओढ नसते. तीन महिन्यांचं झालं की ते रोज दिसणाऱ्या वर्णाच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतं. आणि ज्या बाळांच्या आसपास दोन्ही प्रकारचे चेहरे सारखे वावरतात, त्यांच्यात हा फरक दिसत नाही. त्या वयात द्वेष नसतो, फक्त सवय असते.

मग त्वचेच्या रंगावर रेघ कुणी ओढली, आणि का? याचं उत्तर पुष्कळसं कागदावर मिळतं, कारण ती ओढणाऱ्यांनी कायदे करून, तारखा घालून ओढली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचंच बघ. तेव्हा ती इंग्रजांची वसाहत होती. १६१९ मध्ये तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं पहिल्यांदा उतरवली गेली. सुरुवातीच्या काळात तंबाखूच्या मळ्यांवर काळे आणि गोरे दोन्ही मजूर राबत होते. गोरे बहुतेक कराराने बांधलेले गरीब इंग्रज. काही आफ्रिकी लोकांनी सुटका मिळवली, जमिनीही केल्या. त्या काळातल्या एलिझाबेथ की या बाईची गोष्ट तुला कळायलाच हवी. आई गुलामगिरीतली आफ्रिकी, बाप इंग्रज. बापाने मरण्याआधी तिला ठरावीक वर्षांच्या करारावर दुसऱ्याकडे ठेवलं होतं. ती वर्षं उलटून किती काळ गेला तरी तिला सोडेनात, उलट मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्तेच्या यादीत तिची गुलाम म्हणून नोंद झाली. ती कोर्टात गेली. माझा बाप इंग्रज आहे, आणि इंग्रजी कायद्यात मूल बापाच्या दर्जाचं असतं. माझा बाप्तिस्मा झालेला आहे. माझा करार कधीच संपला आहे. असं तिचं म्हणणं होतं. १६५६ मध्ये ती जिंकली. ती सुटली, तिचा मुलगाही सुटला.

सहा वर्षांनी, १६६२ मध्ये, वसाहतीच्या सभेने कायदाच फिरवला. यापुढे मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. याचा अर्थ काय झाला, ते एक आई म्हणून लिहितानाही मला जड जातं आहे. गुलाम बाईवर मालकाने बळजबरी केली तर होणारं मूल त्याचं लेकरू राहिलं नाही, त्याची मालमत्ता झालं. अत्याचार करणाऱ्याला शिक्षा सोडाच, त्याला नफा मिळू लागला. १६६७ मध्ये आणखी एक दार बंद केलं: बाप्तिस्मा घेतला तरी गुलाम सुटणार नाही. एलिझाबेथने कोर्टात जे मुद्दे मांडले होते, ते असे एकेक करून बाद करण्यात आले.

१६७६ मध्ये तिथे बंड झालं. त्यात करारबद्ध गोरे मजूर आणि काळे गुलाम एकत्र लढले आणि त्यांनी राजधानी जेम्सटाउन जाळलं. ते बंड उदात्त होतं असं मी म्हणणार नाही. मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावणं हाही त्यातला मोठा भाग होता. पण दोन्ही रंगांचे कष्टकरी एका बाजूला उभे राहिलेले पाहून जमीनदारांना धडकी भरली. पुढचे कायदे वाचले की ती भीती ओळीओळीत दिसते. १६९१ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर बंदी आली. १७०५ च्या कायद्याने करार संपलेल्या गोऱ्या मजुराला मका, पैसे आणि बंदूक द्यायचं ठरवलं. त्याच कायद्याने गुलामांकडची गुरंढोरं, घोडे, डुकरं जप्त करायची, विकायची आणि आलेला पैसा गावातल्या गरिबांना द्यायचा, असं ठरलं. गरीब गोरा गरीबच राहिला. पण आता त्याच्यापेक्षा खाली कुणीतरी होतं, आणि ते खाली राहण्यात त्याचाही थोडासा फायदा होता. सई, वंशद्वेष कसा तयार होतो हे मला कुणी विचारलं तर मी हीच कलमं पुढे ठेवीन. आधी फुकटचे राबणारे हात हवे होते. मग त्या हातांना कायद्याने वेगळं केलं. इतकं सगळं केल्यावर माणसाला स्वतःच्या मनाशी जगायचं असतं, म्हणून "ते लोक आहेतच तसे" ही समजूत लागली. द्वेष नंतर आला.

ही समजूत पुरवायला विद्वान पुढे आले, याची मला जास्त चीड येते. प्राण्या-वनस्पतींचं शिस्तशीर वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ च्या आवृत्तीत माणसांचेही प्रकार पाडले आणि रंगाबरोबर स्वभावही चिकटवून दिले: युरोपीय माणूस कायद्याने चालतो, आफ्रिकी माणूस लहरीने. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या अमेरिकन डॉक्टरने तर पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक आजार असतो असं जाहीर करून त्याला भारदस्त नावही दिलं. सुटकेची धडपड हा आजार! मी आयुष्य दवाखान्यात काढलं आहे, म्हणून हे माझ्या फार वर्मी लागतं.

वर्षं गेली तरी असल्या गोष्टी मुरून राहतात. २०१६ मध्ये अमेरिकेत गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आणि शिकाऊ डॉक्टरांचा एक अभ्यास झाला. काळ्या लोकांची कातडी जाड असते, यासारखी एक तरी खोटी समजूत त्यांतल्या साधारण निम्म्यांच्या डोक्यात होती. आणि ज्यांच्या डोक्यात ती जास्त होती, त्यांनी काळ्या रुग्णाच्या वेदना कमी धरल्या.

प्रत्यक्षात शरीर काय सांगतं? त्वचेचा रंग हा सूर्याच्या अतिनील किरणांशी शरीराने हजारो वर्षांत जुळवून घेतलेला हिशोब आहे. कडक उन्हाच्या प्रदेशात गडद त्वचा शरीरातलं फोलेट हे ब जीवनसत्त्व टिकवते, कमी उन्हाच्या प्रदेशात फिकट त्वचेमुळे ड जीवनसत्त्व तयार होणं सोपं जातं. बस, एवढंच. बुद्धी, प्रामाणिकपणा, धाडस यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच दाखवून दिलं की माणसामाणसांत जो काही जनुकीय फरक आहे, त्यातला सुमारे ८५ टक्के एकाच समूहाच्या आत सापडतो.

आता तुला वाटेल, विज्ञानाने खोडून काढलं, कायदे बदलले, मग हे अजून शिल्लक कसं? याचं कारण असं की व्यवस्था एकदा बसली की तिला चालू राहायला द्वेषाची गरज लागत नाही. रोज मी पेशंटच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावते. त्यातून लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो, रक्तात किती शोषला गेला यावरून सॅच्युरेशनचा आकडा दिसतो. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. पण ही यंत्रं बसवताना ज्यांच्या बोटांवर ती जुळवून घेतली, ते बहुतेक फिकट त्वचेचे निरोगी लोक होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला: रक्तात ऑक्सिजन खरोखर धोकादायक कमी असूनही यंत्रावर ठीकठाक आकडा दिसतो, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. आणि तेही कोविडच्या काळात, जेव्हा कुणाला दाखल करायचं, कुणाला ऑक्सिजन लावायचा हे त्याच आकड्यावर ठरत होतं! ते यंत्र बनवणारा इंजिनियर कुणाचा द्वेष करत नसेल. आकडा वाचणारी सिस्टर तर नक्कीच करत नसेल. रुग्ण मात्र दगावू शकतो.

घरांचंही तसंच. १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज द्यायला धोक्याची वस्ती लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळपास ठरूनच लाल असायची. १९६८ मध्ये घरांबाबतच्या भेदभावावर कायद्याने बंदी आली. पण ज्या कुटुंबाला तेव्हा घर घेता आलं नाही, त्याच्या नातवाला वारसा म्हणून काय मिळालं? आणि ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करायचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली ती गुलामांच्या मालकांना. राबलेल्या माणसांना एक छदामही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशोब २०१५ मध्ये मिटला. म्हणजे आजचे कित्येक करदाते त्याचे हप्ते भरत होते, आणि त्यांत त्या गुलामांचे वंशजही आले. जुनं झालं, विसरा, असं कुणी म्हणालं तर त्याला हे साल सांग.

आता यातून सुटायचं कसं, याबद्दल. "सगळ्यांनी मन मोठं केलं पाहिजे" हे वाक्य मला पटत नाही. मन मोठं करायची वाट बघत बसलं तर पिढ्या जातात. घडलेलं मात्र उलट दिसतं. १६९१ चा तो लग्नबंदीचा कायदा आठवतो ना? त्याची लेकरं-नातवंडं व्हर्जिनियात विसाव्या शतकातही होती. १९५८ मध्ये रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याला पोलिसांनी रात्री झोपेतून उठवून अटक केली, कारण नवरा गोरा होता आणि बायको नव्हती. पंचवीस वर्षं या राज्यात एकत्र पाऊल ठेवायचं नाही, या अटीवर त्यांची कैद टळली. ते लढले आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे कायदे रद्द केले. तेव्हा लोकांचं मत काय होतं, याची नोंद आहे. गॅलप या संस्थेच्या पाहणीत १९५८ मध्ये अशा लग्नांना ४ टक्के लोकांची मान्यता होती. निकालानंतर वर्षभराने, १९६८ मध्ये, २० टक्के. म्हणजे न्यायालयाने बहुमताच्या विरुद्ध निकाल दिला होता. २०२१ मध्ये हाच आकडा ९४ टक्क्यांवर गेला. लोक सुधारले म्हणून कायदा बदलला नाही. आधी कायदा बदलला, अशी घरं शेजारीपाजारी उभी राहिली, मुलं एकत्र खेळली, आणि मतं मागून चालत आली.

नुसतं शेजारी राहूनही भागत नाही, हेही सांगते. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन समूह जवळ आल्याने पूर्वग्रह ओसरतात, पण कधी? दोघांचा दर्जा बरोबरीचा असेल, काम एकमेकांच्या मदतीनेच तडीला जाणार असेल, आणि वरच्यांचा त्याला उघड पाठिंबा असेल तर. मालक आणि नोकर एका छपराखाली जन्म काढतात, त्याने काही बदलत नाही. आमच्या आयसीयूत मी हे रोज बघते. रात्री तीन वाजता पेशंटचं हृदय बंद पडलं की पलंगाभोवतीच्या चौघांना एकमेकांचा वंश-धर्म काही सुचत नाही. छाती दाबणारा थकला की दुसऱ्याने हात घालायचा असतो. पण त्याच लोकांपैकी कुणाला बढती मिळते, कुणाला नाही, हे दिवसा बंद खोलीत ठरतं, आणि तिथे मला बरोबरी दिसलेली नाही. म्हणून मी सद्भावनेपेक्षा नियमांवर भर देते.

तुला छळणाऱ्या त्या क्लिपचंही पुढे काय झालं ते तू पाहिलं नसशील. २०२४ च्या जूनमध्ये स्पेनमधल्या न्यायालयाने त्या प्रेक्षकांपैकी तिघांना आठ-आठ महिन्यांची शिक्षा आणि दोन वर्षं स्टेडियमबंदी दिली. स्टेडियममधल्या वंशद्वेषासाठी तिथे झालेली ही पहिलीच शिक्षा. त्याआधी असं ओरडणं म्हणजे खेळाच्या भरात चालायचंच, असं धरलं जायचं. ते तिघे आता मनाने सुधारले असतील का? ठाऊक नाही, आणि मला त्याची तेवढी चिंताही नाही. पुढच्या मॅचला तोंड उघडणारा चौथा विचार करेल, हे मला पुरेसं आहे.

सगळ्यात जास्त आशा मला मूत्रपिंडाच्या एका सूत्राने दिली. रक्तातल्या क्रिएटिनिन या स्नायूंतून येणाऱ्या टाकाऊ द्रव्यावरून मूत्रपिंड किती काम करतं आहे याचा अंदाज काढतात. अमेरिकेत वीसेक वर्षं त्या सूत्रात "रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास" असा एक वाढीव गुणक होता. त्यांचे स्नायू जास्त असतात, असं गृहीत धरलं होतं. त्यामुळे तेच रक्त, तोच आकडा, पण कृष्णवर्णीय रुग्णाचं मूत्रपिंड कागदावर जास्त चांगलं दिसायचं आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचं नाव उशिरा लागायचं. डायलिसिसवरच्या माणसाला तो उशीर म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे. विद्यार्थ्यांनी, डॉक्टरांनी, रुग्णांनी हा प्रश्न लावून धरला. २०२१ मध्ये वंश वगळून नवं सूत्र आलं. आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. २०२३ पासून रुग्णालयांना जुने कागद काढायला लावले: जुन्या सूत्रामुळे कुणाचं नाव उशिरा लागलं ते शोधा आणि त्यांची प्रतीक्षेची वर्षं मागून मोजून द्या. हजारो माणसं यादीत वर सरकली. चूक दुरुस्त करणं पुष्कळांना जमतं, पण ज्याचं नुकसान झालं त्याला हिशोब करून परत देणं क्वचितच घडतं. घरं, शिक्षण, नोकऱ्या, सगळीकडे हेच करायला लागेल. आणि ते करता येतं, हे आता आपल्याला माहीत आहे.

राहिला तुझा भाग. तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चेहरा ओळखण्याचा आहे ना? मग जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांचं २०१८ चं काम आधी वाच. बुओलाम्विनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात शिकत असताना एका प्रोग्रामला तिचा चेहराच दिसेना, पांढरा मुखवटा लावला तेव्हा दिसला. मग या दोघींनी बाजारातल्या तीन प्रणाली तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत एक टक्काही चूक होत नव्हती, गडद त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत जात होती. कंपन्या तोवर सगळ्यांची मिळून एकच सरासरी छापत होत्या आणि ती छान दिसत होती. निकाल बाहेर आल्यावर वर्षभरात त्याच कंपन्यांनी चुका बऱ्याच कमी केल्या.

तेव्हा तुझ्या फोटोंच्या संचात कोण कोण आहे ते या आठवड्यात मोजून काढ. रिपोर्टमध्ये एकच टक्केवारी देऊ नकोस, त्वचेच्या छटेप्रमाणे आणि स्त्री-पुरुष अशी वेगवेगळी दे. एखादा आकडा लाज वाटण्याइतका वाईट आला तरी तो तसाच छाप, आणि तो का आला तेही खाली लिही. त्यापायी सबमिशनला उशीर होणार असेल तर होऊ दे. गाईड नाराज झाले तर मला फोन कर, त्यांना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू.

तुझी,
आई